नाताळच्या झाडांत अडकलेला नांगर

मी नांगर बोलतोय. शेतातला नाही, पाण्यातला. आणि पाण्यातला म्हटल्यावर लगेच मोठं जहाज, खवळलेला समुद्र, लोखंडी आकडे असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. मी कॉफीच्या डब्यात ओतलेलं सिमेंट आहे. वर एक कडी, कडीला पिवळा दोर, संपलं माझं वर्णन. एवढ्या भांडवलावर मी मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांत, सायप्रस क्रीकच्या तलावात, उभा जन्म वाऱ्याशी भांडत काढला. इथली माणसं वाऱ्यावर तासन्‌तास बोलतात. भांडायची वेळ आली की मला पाण्यात टाकतात.

माझा जन्म वीडाबाईंच्या मागच्या दारी झाला. त्यांच्या घराची पायरी फुटली होती. आर्व्हिल, म्हणजे बाईंचे यजमान आणि माझे मालक, "येत्या शनिवारी करतो" असं किती शनिवार म्हणत होते ते देवाला ठाऊक. शेवटी बाईंनीच सिमेंट कालवलं, पायरी बांधली आणि उरलेला गोळा वाया कशाला घालवायचा म्हणून कॉफीच्या रिकाम्या डब्यात ओतला. त्यांचा धाकटा भाऊ हॉइट तेव्हा तिथेच होता. त्याने एक सळई गुडघ्यावर दाबून वाकवली आणि माझ्या ओल्या डोक्यात खुपसली. ती माझी कडी. मालकांनी काय केलं? त्यांनी खुर्चीत बसून देखरेख केली. शिवाय डबा रिकामा व्हावा म्हणून आधी कॉफीही त्यांनीच प्यायली होती. त्यामुळे "हा नांगर मी स्वतः बनवला" असं ते पुढे सगळ्यांना सांगत असत.

दोरही बाईंनीच आणला. दुकानात पांढरा जाड दोर होता, चांगला, पाण्यात बुडणारा. बाईंनी घेतला पिवळा प्लॅस्टिकचा, स्वस्तातला, पाण्यावर तरंगणारा. मालकांचं तोंड वाकडं झालं.

"अगं, हा मैलावरून दिसतो. मासे धरायला असा भडक दोर कोण नेतं?"

"दिसावा म्हणूनच घेतलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही बुडालात तर निदान कुठं बुडालात ते तरी कळेल."

डब्याला दोर बांधून लहान मुलं टेलिफोन करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. माझं नेमकं तेच झालं. मी तळाशी चिखलात बसलेला असलो तरी वर बोटीत जे बोललं जातं ते दोरातून उतरत माझ्यापर्यंत येतं. बोटीतल्या माणसांना वाटतं, आपण तलावाच्या मध्यावर आहोत, ऐकायला कोण आहे इथे. त्यामुळे घरी जे कधी बोलत नाहीत ते सगळं बोलतात. मी बापडा खाली बसून ऐकतो आणि गप्प राहतो, कारण माझ्या तोंडात सिमेंट आहे.

आता क्रॅपीबद्दल. क्रॅपी म्हणजे तळहातापेक्षा थोडा मोठा, चपटा मासा. चंदेरी अंगावर काळे ठिपके आणि तोंड कागदाचं. गळाला हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. चवीला असा की मक्याच्या पिठात घोळवून तळला की पास्टरसुद्धा जेवणाआधीची प्रार्थना आवरती घेतात. हिवाळाभर तो खोल पाण्यात दडून असतो. वसंत आला, काठावरची डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली, की अंडी घालायला उथळ पाण्याकडे सरकतो. आणि त्याच्यामागे सरकतं अख्खं गाव.

गावाला वाटतं मासा फुलं बघून येतो. मासा कशाला फुलं बघायला जातोय? तो येतो पाणी कोमट झालं म्हणून, आणि पाणी कोमट करतो वारा. दक्षिणेचा वारा काही दिवस एकसारखा वाहिला की वरवरचं उबदार पाणी ढकलत ढकलत उत्तरेच्या काठाला नेऊन घालतो. त्या पाण्याबरोबर बारकी मासळी जाते आणि तिच्या मागावर क्रॅपी. म्हणजे जिथे लाटा थोबाडीत मारतात, टोपी उडते, कॉफी मांडीवर सांडते, तिथे मासा. आणि आमचे वीर कुठे? ते दक्षिणेच्या काठाला, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, पाय पसरून. संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत जातात आणि दोष देतात चंद्राला, आमिषाला, शेजारच्या बोटीला, क्वचित सरकारला. आपण चुकीच्या काठाला बसलो होतो असं कुणी म्हटलेलं अजून माझ्या कानांवर पडलेलं नाही.

आणखी एक गंमत सांगतो. उत्तरेकडून थंड हवा यायची असते तेव्हा आधी दक्षिणेचा वारा जोरात सुटतो, आभाळ मळकट होतं, हवा जड होते, आणि मासा उपाशी असल्यासारखा गळावर तुटून पडतो. मग वारा फिरतो. दुसऱ्या दिवशी आभाळ असं निळंशार की चित्र काढावं. मासा मात्र त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून खोल पाण्यात झाडाच्या बुंध्याला चिकटून बसतो. आणि आमची माणसं नेमकी त्याच दिवशी बोटी काढतात, कारण काय तर हवा छान आहे. वसंतातल्या या थंड्यांना इथे नावंही दिली आहेत: रेडबडची थंडी, डॉगवुडची थंडी, ब्लॅकबेरीची थंडी. दरवर्षी येतात, ठरलेल्या फुलांबरोबर येतात. आणि दरवर्षी गाव तितक्याच नवलाने म्हणतं, "अरेच्चा, आज एकदम गारठा कसा पडला?"

मालकांना हे सगळं कळत होतं, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण त्यांच्याकडे एक जागा होती.

या तलावात जागा म्हणजे काय ते परक्याला कळायचं नाही. नाताळ संपला की लोक घरातलं झाड दाराबाहेर टाकतात. मालक आपली गाडी घेऊन ती झाडं गोळा करायचे, बुंध्याला सिमेंटची वीट बांधायचे आणि थंडीत, तलावावर चिटपाखरू नसताना, एका विशिष्ट ठिकाणी बुडवायचे. बुडलेल्या झाडांच्या फांद्यांत बारकी मासळी राहायला येते आणि मासळीमागे क्रॅपी. ही जागा बायकोला सांगायची नाही, मुलांना सांगायची नाही, मरताना सांगावीशी वाटलीच तर पास्टरला, तेही त्याला मासे धरायचा नाद नसेल तर. एकीकडे चर्चचा सुळका आणि एकीकडे पाण्यात उभं मेलेलं सायप्रसचं झाड, या दोन खुणा जुळवून मालक बोट अचूक आणायचे आणि मला सोडायचे. मी त्यांच्या हाताशी, बोटीच्या मागच्या फळीला बांधलेला असायचो. खरं तर नांगर बोटीच्या नाकाला बांधावा, म्हणजे लाट आली की बोट तिच्याकडे तोंड करून उभी राहते. पण नाकाशी बसणार दुसरं कोणी, आणि नांगर दुसऱ्याच्या हातात म्हणजे जागा दुसऱ्याच्या हातात, हा मालकांचा हिशेब. असल्या हिशेबात ते फार पक्के होते.

दोराला लटकून खाली येताना मी एकदा त्या झाडांत एक तांबडी फीत पाहिली होती. कुणाच्या तरी नाताळची, फांदीला घट्ट बांधलेली. पुढे ती मालकांच्या गळाला अडकून वर गेली आणि बरेच दिवस बोटीच्या तळाशी पडून होती. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग तो हिवाळा आला. हॉइटच्या छातीचं ऑपरेशन झालं. मधोमध कापून तारेने शिवली होती म्हणे. माणूस वाचला, पण घरी आला तो वेगळाच. जेवेना, हसेना, नुसता टीव्हीसमोर बसून. मी अंगणात बोटीत पडलो होतो, तिथे मला हे सगळं ऐकू येत होतं. वसंत लागला तशी वीडाबाई एका सकाळी अंगणात आल्या.

"अहो, त्याला तलावावर घेऊन जा."

"नेतो की," मालक म्हणाले. "पुलाखाली बसू दोघं मस्त."

"पुलाखाली नाही. तुमच्या जागेवर."

मालकांनी बोटीची कड अशी घट्ट धरली की बाईंनी त्यांची किडनी मागितली असं कुणालाही वाटावं.

"वीडा, तिथे मी कुणालाच..."

"माझा भाऊ बसून बसून सोफ्याच्या रंगाचा झालाय. त्याला मासा लागला पाहिजे. पुलाखाली तुम्हाला कधी काय लागलंय ते मला माहीत आहे. एक पादत्राण लागलं होतं."

गुड फ्रायडेला निघाले. डॉगवुड फुलला होता, दक्षिणेचा वारा जोरात आणि आभाळ मळकट. निघताना बाई बजावत होत्या, "रेडिओवाला सांगतोय, दुपारी वारा फिरणार. जेवायच्या वेळेला घरात पाहिजेत दोघं. आणि लाइफ जॅकेटं घाला." त्यांनी जॅकेटं घेतली. उशा म्हणून बुडाखाली घेतली.

मग मालकांनी हॉइटला बोटीत मागे तोंड करून बसवलं, "तुला ऊन लागू नये म्हणून". ऊन नव्हतंच. आणि सरळ जायचं सोडून तलावाला फेऱ्या घालायला सुरुवात केली.

"दाजी," थोड्या वेळाने हॉइट म्हणाला, "हा सायप्रस मघाशीही लागला होता."

"सायप्रस सगळे सारखेच दिसतात."

"त्याच्यावर बगळाही तोच बसलाय."

"बगळेही सारखेच दिसतात. तू टोपी खाली ओढ, डोळ्यांना वारा लागेल."

हॉइटने मुकाट्याने टोपी खाली ओढली. मला वाटलं, बिचारा आजारी माणूस, याला काय कळतंय.

मला सोडलं. मी झाडांच्या मधोमध उतरलो, बुंधा आणि वीट यांच्या फटीत चपखल बसलो. त्यानंतर वर जे झालं ते ऐकायला तुम्ही हवे होता. वारा इतका की दोर ताणून सतारीसारखा वाजत होता. लाटांवर गळाचं लाल-पांढरं बूच नाचायचं, त्याबरोबर खाली आमिषाचा मासा आपोआप नाचायचा, आणि क्रॅपी रांग लावल्यासारखे येत होते. हॉइट आधी गप्प होता. मग एक मासा लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला तो ओरडला, "दाजी, जाळी! जाळी घ्या! अहो, ती सॉसेजची डबी कशाला देताय, जाळी!" आणि हसला. छातीवर हात दाबून, दुखतंय म्हणत म्हणत हसला. ते हसणं दोरातून खाली आलं तेव्हा मला फार बरं वाटलं, यात लपवण्यासारखं काही नाही. ही कडी त्याच्या गुडघ्यावर वाकलेली आहे.

जेवणाची वेळ झाली. कुणीच तिचं नाव काढलं नाही.

आणि वारा पडला. एकदम. दोर सैल झाला. ज्याला वाऱ्याची भाषा कळते तो अशा वेळी गळ गुंडाळतो आणि काठ गाठतो. मालक म्हणाले, "बघ, हवा कशी छान झाली."

मग उत्तरेकडून आला तो. आधी गार झुळूक, मग धक्का. बोट गर्रकन फिरली आणि माझा दोर मागून ताणला गेला. बोटीचं नाक दक्षिणेला, पाठ वाऱ्याकडे, आणि पाठीला मी बांधलेला. लाटेबरोबर उचलली जायला बोटीला मोकळीक नव्हती, मी तिला मागून धरून ठेवलं होतं. पहिली लाट मागच्या फळीवरून आत आली. माशांची बादली तरंगली.

"दाजी, नांगर काढा!"

मालकांनी ओढलं. मी हललो नाही. हलणार कसा, बुंध्यात अडकलो होतो. आयुष्यभर लोकांनी मला घट्ट धरायला सांगितलं, आणि धरायचं नव्हतं त्या दिवशी मी सगळ्यांत घट्ट धरलं.

"अडकलाय!"

"मग दोर कापा!"

"कापतो, कापतो..." सुरी निघाली. फळीवर थांबली.

"थांबलात का?"

"नांगर जाईल रे."

"दुधाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली आहे ना, ती बांधा दोराला आणि सोडून द्या! उद्या येऊन काढू!"

आता माणसांच्या डोक्यात काय चालतं ते सांगतो. बोटीत पाणी, समोर छाती शिवलेला मेव्हणा, पायांत रबरी बूट, जॅकेटं बुडाखाली. आणि आमचे मालक म्हणाले, "बाटली बांधली की उद्या अख्खा तालुका इथे."

वारा वाढतच होता.

"दाजी," हॉइट म्हणाला, आणि तो ओरडलाही नाही, "मला पोहता येत नाही. आणि तुम्ही झाडांचा विचार करताय?"

मालक विचारच करत होते. मला सुरीचा स्पर्श दोरावर कळत होता. ठेवलेली होती, पण चालत नव्हती. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. पण त्या वेळी खाली चिखलात बसून मी ओरडत होतो, काप, अरे बाबा, काप, तुझ्या झाडांवर वीज पडो, काप! दुसरी लाट आली ती अख्खी आत आली. मग सुरी चालली. बाटलीशिवाय. शेवटपर्यंत माणसाने आपलं तत्त्व सोडलं नाही.

दोर तुटला आणि वरचं सगळं ओझं एकदम गेलं. मोटारीचा ठसका ऐकू आला, एकदा, दोनदा, मग घरघर, मग तीही वाऱ्यात विरली. ते दोघं काठाला लागले की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. सिमेंटला भीती वाटते का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, वाटते.

मालक घाईत एक गोष्ट विसरले. बाईंनी घेतलेला दोर तरंगणारा होता. कापलेलं टोक सावकाश वर गेलं आणि पाण्यावर पसरलं, पिवळंधमक, आणि वरचे आवाज पुसट का होईना त्यातून माझ्याकडे येत राहिले. बाटली बांधली असती तर निदान तिचा रंग पांढरा असता.

डॉगवुडची थंडी आली आणि गेली. निळंशार आभाळ होतं तेव्हा वरून बोटीच बोटी गेल्या, मासा अर्थातच एकाला नाही. पण वारा होता, लाटांत पिवळं टोक दिसत नव्हतं. एक दिवस दोघं जण माझ्यावरून वाहत गेले. बोलत होते.

"आर्व्हिल आणि हॉइट बुडता बुडता वाचले म्हणे."

मी ऐकलं आणि जिवात जीव आला. जीव कुठला म्हणा, पण जे काही माझ्यात आहे ते जागेवर आलं.

"कुठं झालं ते?"

"हॉइटला विचारलं आमिषाच्या दुकानात. म्हणाला, पुलाखाली."

"पुलाखाली एवढ्या लाटा?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाला, तू होतास का तिथं? आणि आर्व्हिलशी बोलत नाही हां तो. चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसला. वीडा मध्ये उभी, इकडे बघू की तिकडे."

त्यांची बोट गेली. मी विचार करत बसलो. हॉइट पुलाखाली का म्हणाला? मालकांच्या फेऱ्यांनी त्याला खरोखरच घुमवलं असणार, दुसरं काय.

मग पुन्हा दक्षिणेचा मंद वारा सुरू झाला. पाणी कोमट झालं. एका काळ्याभोर नर क्रॅपीने माझ्या शेजारीच चिखल झाडून घरटं केलं आणि कुणी जवळ आलं की माझ्यावरच फुगायला लागला. अशा एका शांत सकाळी, पाणी काचेसारखं असताना, ओळखीची मोटार आली. आणि लांबूनच वीडाबाईंचा आवाज.

"अहो, फेऱ्या काय घालताय? मला चक्कर येतेय. सरळ चला."

"सरळच चाललोय."

"सरळ कसले? त्या बगळ्यालासुद्धा तुम्ही आता पाठ झालात. सुळका आणि तो मेलेला सायप्रस जुळवा आणि चला. आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे कुठं जायचंय."

मोटार बंद पडली. बंद केली म्हणण्यापेक्षा मालकांचा हात सुटला असावा.

"कुणाला ठाऊक आहे?"

बोट वाहत वाहत माझ्या माथ्यावर आली आणि माझ्या दोराचं टोक बोटीच्या अंगाला लागलं. मालकांनी ते उचललं. दोर ताणला, आणि सगळं पुन्हा स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"हॉइट, तुला ठाऊक होतं?"

"दाजी, दर नाताळनंतर माझ्या दारातलं झाड कोणीतरी उचलून नेतं. मला काय वाटलं असेल, सांताक्लॉज परत येतो? एका वर्षी मी मुद्दाम फांदीला तांबडी फीत बांधून ठेवली. पुढे ती तुमच्या बोटीत लोळत होती. तुमचे मासे कुठून येतात ते बघायला मग मला फार वेळ लागला नाही. ताईला मीच सांगितलं."

"म्हणजे तू इतकी वर्षं... मग कधी आला का नाहीस इथे?"

"तुम्ही बोलावलं नव्हतं."

त्या दिवशी सुरी दोरावर कशी थांबली होती ते फक्त आम्हा तिघांना माहीत होतं: त्यांना, मला आणि हॉइटला.

"सुरी माझ्या हातात होती, हॉइट," मालक कसंबसं म्हणाले.

"दिसत होती."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते माझ्या बुटात शिरलं होतं, दाजी."

"माझं चुकलं. तुला काही झालं असतं तर मी..." मग वर खुडबुड झाली, आणि दोराच्या टोकाशी काहीतरी हलकं, पोकळ बांधलं जातंय असं मला जाणवलं.

"हे काय करताय?" हॉइटने विचारलं.

"बाटली बांधतोय. दिसू दे सगळ्यांना. येऊ दे अख्खा तालुका. माझी ही जागा गेली खड्ड्यात."

"सोडा ती! सोडा म्हणतो ना! ताई, धर गं यांचा हात. काय माणूस आहे! इतक्या वर्षांनी कुठे मला आत घेतलंत, आणि लगेच सगळ्या गावाला आमंत्रण?"

गाठ सुटली. बाई खो खो हसत होत्या, आणि मध्येच नाक ओढत होत्या. मला वाटलं, आता हॉइट मला ओढून काढणार, आपण घरी जाणार, अंगणात ऊन खाणार. त्याने एकदा हिसका दिलाही. माझ्या शेजारचा काळा मासा रागाने फुगला.

"निघत नाही हा. राहू दे याला इथेच," हॉइट म्हणाला. "याच्या आजूबाजूला मासेच मासे असतील आता. दाजी, तुमच्याकडचं गळाचं शिसं द्या. सगळं द्या, हे पिवळं टोक बुडवून टाकू. आणि तो नवा नांगर आणलाय ना, तो इकडे माझ्याकडे, नाकाला बांधा. मागे बांधलात तर मी पोहत घरी जाईन."

"तुला पोहता येत नाही," मालक म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय."

हे मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. दोराच्या टोकाला शिशाचे गोळे बांधले गेले, आणि ते पिवळं टोक डुलत डुलत खाली येऊन माझ्या शेजारी चिखलात टेकलं. टेलिफोन बंद. त्यानंतर मला माणसाचा शब्द ऐकू आलेला नाही.

मी आता इथेच आहे. डबा कधीच गंजून गेला, त्याच्या वळ्या तेवढ्या माझ्या अंगावर उमटून राहिल्या आहेत. कडी शाबूत आहे. वसंत आला की पाण्याच्या उबेवरून मला वारा कळतो, आणि वर कोण मूर्ख कुठे बसला असेल तेही कळतं. वाचकहो, तुमच्याशी बोलणं झालं ते बरं झालं, तळाला फार कुणी येत नाही. एवढंच करा: वारा पडला की हवा छान झाली असं म्हणू नका, घरी जा. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं. आणि तुमच्याकडे एखादी जागा असेल, तर कुणाला बोलवायचंय त्याला लवकर बोलवा. त्याला पत्ता बहुधा माहीत असतो.

बाकी माझी तक्रार नाही. दक्षिणेचा वारा सुटला की एका बोटीची सावली येऊन माझ्या डोक्यावर थांबते. नाकाकडून एक चकचकीत, विकतचा नांगर खाली येतो, मी त्याच्याशी बोलत नाही. मग पाण्यावर दोन बुचं दिसतात, लाल-पांढरी, एकमेकांना लागतील इतकी जवळ.